एकोणीसपैकी पाच

चर्चहून परतल्यावर लव्हिनिया पेटिफर्डने डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता चूल पेटवली, तेव्हाच अर्नेस्टीनला कळलं की आईचं बिनसलंय. एरवी टोपी आधी खोक्यात जायची, मग हातमोजे, आणि मगच एप्रन. आज एप्रन रविवारच्या निळ्या पोशाखावरच बांधला गेला होता आणि कोंबडीचे तुकडे पिठात असे आपटले जात होते, जसं काही सगळं त्यांच्यामुळेच घडलं होतं.

"प्रार्थना चालू असताना सगळे बाबांकडेच बघत होते," अर्नेस्टीन म्हणाली.

"बघणारच. काल दुपारी शिक्षणाधिकाऱ्याची गाडी आपल्या दारात उभी होती. या रस्त्यावर एवढी मोठी बातमी त्या मोठ्या वादळानंतर झाली नाही." लव्हिनियाने तेलात एक तुकडा सोडला. "आत तरी यायचं. व्हरांड्यात उभ्या उभ्या माणसाच्या आयुष्याचं वाटोळं करून गेला, पाणीसुद्धा प्यायला नाही."

शिक्षणाधिकारी विंडहॅम साहेब बोलले होते मोजकंच. काउंटीने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा ठेवायच्या नाहीत, असा कोर्टाचा हुकूम झाला होता, आणि तो पाळायचा मार्ग शिक्षण मंडळाने शोधला होता. मेबन शाळा बंद. पहिलीपासून बारावीपर्यंतची सगळी काळी मुलं सप्टेंबरपासून गोऱ्यांच्या शाळांमध्ये, मोठी मुलं सेंट्रल हायस्कूलमध्ये. सेंट्रलचे मुख्याध्यापक म्हणून डफी, जे तिथे फुटबॉल शिकवायचे. होरेस पेटिफर्ड, जे बावीस वर्षं मेबनचे मुख्याध्यापक होते आणि ज्यांनी मासे तळून विकण्याच्या जत्रा भरवून शाळेला रसायनशास्त्राची प्रयोगशाळा मिळवून दिली होती, ते डफींच्या हाताखाली उपमुख्याध्यापक. काम काय, तर बस आणि पुस्तकं. "आणि तुमच्या मुलांची शिस्त," विंडहॅम जाता जाता म्हणाले होते. उत्तर सोमवारी संध्याकाळी मंडळाच्या सभेत द्यायचं.

हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. अर्नेस्टीनला यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि ते तिने गुरुवारपासून कोणालाच सांगितलं नव्हतं.

जेवायला सहा जण बसले. टेबलाच्या एका टोकाला होरेस, कोटाची बटणं लावलेले. दुसऱ्या टोकाला लव्हिनिया. थोरला अलोंझो सकाळीच डरहमहून गाडी हाकत आला होता; तिथे तो वकिली करत होता आणि गेल्या वर्षभरात त्याच्या कचेरीने अशा चार काउंट्यांवर दावे लावले होते. मधली अर्नेस्टीन, मेबनमध्येच गणित शिकवणारी. धाकटी मार्व्हा सतरा वर्षांची, मेबनच्या विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष. आणि शेजारच्या घरातून आलेली झिल्फा आत्या, होरेसची थोरली बहीण, जिने या गावातल्या निम्म्या काळ्या माणसांना पहिलीत अक्षरं गिरवायला लावली होती. होरेसची तिन्ही मुलंही तिच्याच हाताखालून गेली होती.

होरेसनी आभाराची प्रार्थना म्हटली. आमेन झाल्या झाल्या अलोंझोने तोंड उघडलं.

"बाबा, उद्या काय सांगणार तुम्ही?"

"आधी जेव."

"जेवतोच आहे. जेवता जेवता सांगा."

"तुझ्या कचेरीत असंच बोलतात का मोठ्यांशी?"

"माझ्या कचेरीत सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतायत. प्रत्येक काउंटीत हेच चाललंय. कोर्ट म्हणतं भेद मिटवा. हे काय मिटवतात? आपली शाळा, आपला मुख्याध्यापक. सेंट्रलमधली एक खुर्ची तरी जागची हलली का? तुम्ही नाही म्हणा. तुम्ही नाही म्हणालात की मी बुधवारी दावा दाखल करतो, आणि बावीस वर्षांच्या अनुभवी माणसाला सोडून फुटबॉलवाल्याला का नेमलं, हे विंडहॅमला न्यायाधीशासमोर सांगायला लागेल."

"आम्हीपण ठरवलंय," मार्व्हा म्हणाली. "सप्टेंबरात एकही जण बसमध्ये पाय ठेवणार नाही."

"आम्ही म्हणजे कोण?" होरेसनी विचारलं.

"विद्यार्थी मंडळ. बाबा, त्यांचा बँड मैदानात अजून ते गुलामी राखायला लढलेल्या दक्षिणेचं जुनं गाणं वाजवतो. मी त्यांच्यात उभी राहून क्लॅरिनेटवर ते वाजवू? आणि आपले चषक? डफी म्हणाले म्हणे, आमच्या कपाटात जागा नाही."

"आणि वर्षभर घरात बसून तू काय करणार? माश्या मारणार?" झिल्फा आत्याने मक्याच्या पावाचा तुकडा मोडला. "शिकायचं वय शिकण्यात जावं. होरेस, तू हो म्हण आणि मोकळा हो. त्या इमारतीत पहिल्या दिवशी आपल्या पोरांना नावानिशी ओळखणारं एक तरी माणूस पाहिजे. नाहीतर कोणी जरा मोठ्याने बोललं की काढलं शाळेतून."

"मला नको आहे," लव्हिनिया म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, आणि या टेबलावर तिने नवऱ्याच्या नोकरीबद्दल मत दिलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

"मिस्टर पेटिफर्ड, तुम्ही तिथे गेलेलं मला नको आहे. डफी दुपारी बोट वाकडं करून बोलावणार आणि तुम्ही बसच्या टायरांचा हिशेब घेऊन उभे राहणार. हे मला बघवणार नाही. चालणार नाही मला."

"तुला नाही चालायचंय, लव्हिनिया. मला चालायचंय."

"बरोबर आहे आईचं," अलोंझो म्हणाला.

"तू खूश होऊ नकोस. मी तुझ्या बाजूने नाही बोलले. तुला बाप नकोय, दावा हवाय."

अलोंझोचा घास हातातच राहिला. सात वर्षांपूर्वी फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या हॉटेलातल्या काउंटरवर निषेध म्हणून जाऊन बसणाऱ्या मुलांमध्ये सामील होऊ नका, असं होरेसनी मेबनच्या पोरांना बजावलं होतं, तेव्हापासून बापलेकात जे तुटलं होतं ते आत्ता कुठे सांधत होतं. आई त्यावरच बोट ठेवते आहे, हे त्याला कळलं. तो आत्याकडे वळला. आवाज मुद्दाम खाली आणून त्याने विचारलं, "आत्या, तू बाबांना जा म्हणतेस. तुला तरी बोलावलंय का कुणी?"

"बोलावतील. एकतीस वर्षं झाली मला शिकवताना. अजून जुलैच तर आहे."

"डरहमजवळच्या काउंटीत सत्तावीस जणींना नाही बोलावलं."

"तिथलं तिथे. इथे विंडहॅमच्या स्वयंपाकिणीच्या तिन्ही पोरांना मी वाचायला शिकवलंय. त्याला ठाऊक आहे मी कोण ते."

अर्नेस्टीनला वाटलं, आता आपण काही बोललो नाही तर आत्या ऑगस्टभर रोज टपालाच्या पेटीपर्यंत चालत जाणार. तिने काटा खाली ठेवला.

"आत्या, तुला नाही बोलावणार."

"तुला काय माहीत?"

"मेबनच्या एकोणीस शिक्षकांपैकी ते पाचच जणांना घेणारेत. तुझं नाव त्यात नाही."

"कुणी सांगितलं?"

"विंडहॅमनी. मला कचेरीत बोलावलं होतं." तिने ताट बाजूला सारलं. "मला सेंट्रलला गणित शिकवायला देतायत. मी हो म्हणाले."

मार्व्हाने तोंडावर हात ठेवला.

"कधी?" आत्याने विचारलं.

"गुरुवारी."

झिल्फा आत्याने जरा विचार केला, वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर चुकलं की करायची तसा. "शुक्रवारी आपण दोघींनी माझ्या वर्गाचे पडदे धुतले. तू दोरीवर घातलेस. मी म्हणाले, या वर्षी पिवळे लावू या, आणि तू म्हणालीस, छान दिसतील."

"आत्या, मला कसं सांगावं कळेना."

"तुला बोलायला मीच शिकवलं होतं." आत्या उठली. ताट नेऊन स्वयंपाकघरात ठेवलं, लव्हिनियाला जेवण छान होतं म्हणाली आणि मागच्या दाराने आपल्या घरी गेली. दार तिने आपटलं नाही. अर्नेस्टीनला वाटलं, आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मग मार्व्हा बोलली. "म्हणजे आम्ही बसमध्ये चढायचं नाही म्हणतोय आणि तू फळ्यापाशी उभी राहून आमची वाट बघणार?"

"मार्व्हा, पुरे," अलोंझो म्हणाला. पण अर्नेस्टीनकडे त्यानेही पाहिलं नाही.

होरेस उठले. "अर्नेस्टीन, जरा बाहेर ये," एवढंच म्हणाले.

मागच्या अंगणात पिकानच्या झाडाखाली लोखंडी खुर्च्या होत्या. होरेस बसले नाहीत. कोटाची बटणं मात्र त्यांनी सोडली, आणि तेवढ्यानेच ते एकदम म्हातारे दिसले.

"मला कालच कळलं होतं," ते म्हणाले. "विंडहॅम म्हणाला, तुमची मुलगी तुमच्यापेक्षा शहाणी आहे, लगेच हो म्हणाली, तेव्हा तुम्हीही आवाज करू नका. काल रात्री जेवताना मी वाट बघितली. आज सकाळी चर्चला जातानाही. म्हटलं, सांगेल."

अर्नेस्टीनला त्यांच्याकडे बघवेना. "मला वाटलं तुम्हाला माहीतच आहे. तुमच्यामुळेच मला घेतलं असं वाटलं."

"माझ्यामुळे?"

"तो म्हणाला, तुझ्या वडिलांनीच तुझं नाव सुचवलंय. त्यांचीही हीच इच्छा आहे."

होरेसचा चेहरा कधी फारसा बदलत नसे. बावीस वर्षं गोऱ्या मंडळापुढे खडू आणि कोळसा मागायला उभं राहून तो तसा झाला होता. पण आता त्यांच्या गालावरची शीर उडायला लागली.

"त्याने मे महिन्यात मला विचारलं होतं, तुमच्यातले चांगले पाच कोण? मी एकोणीस नावं सांगितली. अकारविल्हे. तो म्हणाला, पाच. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली."

अर्नेस्टीन खुर्चीत बसली. गुरुवारची ती खोली तिच्या डोळ्यांपुढे आली. टेबलावरचा पंखा, विंडहॅमचं हसणं. तिने स्वतः विचारलं होतं, पाचच का? आणि तो सहज, जवळच्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला होता, "गोरे आईबाप पचवू शकतील एवढेच घ्यावे लागतात. वय, पात्रता हे सगळं नंतर. तू तरुण आहेस, नीटनेटकी बोलतेस. तुझी आत्या त्यांच्या पहिलीच्या मुलांना मांडीवर घेईल. ते कसं चालेल?" आणि तरीही ती हो म्हणाली होती. सेंट्रलला कॅल्क्युलस शिकवतात. मेबनमध्ये तिने तीन वर्षं तो वर्ग मागितला होता आणि पुस्तकं नाहीत म्हणून मिळाला नव्हता. जी पुस्तकं यायची ती सेंट्रलने टाकून दिलेली, पहिल्या पानावर अनोळखी गोऱ्या पोरांची नावं लिहिलेली. नवंकोरं पुस्तक उघडून शिकवावं, एवढीच तिची हाव होती. ती खोटी नव्हती.

तिने हे सगळं बापाला सांगितलं. पचवण्याचं, मांडीचं, सगळं.

"हे तू अलोंझोला सांगितलंस," होरेस सावकाश म्हणाले, "तर झिल्फाचा दावा उभा राहतो. त्याला माझी गरज नाही मग. पण तुझी नोकरी जाईल. इथलीच नाही, आसपासच्या कुठल्याच काउंटीत मिळणार नाही. हे लोक एकमेकांना फोन करतात."

"तुम्ही काय म्हणता? काय करू?"

"सव्वीस वर्षं मीच सांगत आलो. आता नाही सांगणार." ते थोडं थांबले. "खरं विचारशील तर तू त्या इमारतीत असावीस असं मला वाटतं. मी उद्या हो म्हणणार आहे. मुलं जाणार, म्हणून मी जाणार. पण मी एकटा बसपाशी. वर्गात आपलं कोणी असावं असं वाटतं. आणि झिल्फा माझी बहीण आहे. दोन्ही खरं आहे. मला यातून वाट दिसत नाही, पोरी."

बाप असं बोललेला तिने आधी कधी ऐकला नव्हता.

सोमवारी संध्याकाळी सभा कोर्टाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या जागांच्या पाट्या काढून पाच वर्षं झाली होती, तरी काळी माणसं मागच्या बाकांवर बसली आणि गोरी पुढे, कुणी काही न सांगता. मेबनचे बहुतेक शिक्षक आले होते. झिल्फा आत्या भिंतीशी, मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती. अर्नेस्टीनने नमस्कार केला, तिने मान हलवली, बस.

अध्यक्षांनी होरेसचं नाव घेतलं. ते उभे राहिले.

"तुम्ही दिलेलं पद मी स्वीकारतो," ते म्हणाले. लव्हिनियाने डोळे मिटले. "माझी एक विनंती आहे. मेबनच्या सर्व शिक्षकांची पात्रता सेंट्रलच्या शिक्षकांशी ताडून बघावी, आणि मगच ठरवावं."

"त्यावर निर्णय झालेला आहे. अटी घालणार असाल तर पद दुसऱ्याला देता येईल."

"अट नाही. विनंती आहे. मी येणार आहेच."

मागच्या बाकांवर कोणीतरी दात आवळून श्वास घेतला. अलोंझोने डोकं हातात धरलं. पुढच्या रांगेतून बुटक्या डफींनी मागे वळून होरेसकडे पाहिलं आणि ओळखीचं हसले, जणू एखादा सौदा पटला होता.

अध्यक्षांनी पुढचा विषय काढला: नवे शिक्षक. विंडहॅमनी उठून सांगितलं की मेबनमधून पाच अत्यंत योग्य व्यक्ती निवडल्या आहेत आणि निवड निव्वळ गुणवत्तेवर झाली आहे.

अर्नेस्टीन उभी राहिली. आपण उभं राहायचं ठरवलं होतं की नाही, हे तिला पुढेही कधी नक्की सांगता आलं नाही. भिंतीला टेकलेल्या त्या ताठ पाठीकडे बघत असताना पायच उठले.

"मला काही सांगायचंय. त्या पाचांतली मी एक आहे."

"नंतर, अर्नेस्टीन," विंडहॅम म्हणाले. "ही वेळ नाही."

"मिस पेटिफर्ड." होरेस अजून उभेच होते. आवाज चढला नव्हता. शाळेच्या व्हरांड्यात पळणाऱ्या पोराला थांबवतानाचा, तोच आवाज. "तिचं नाव मिस पेटिफर्ड आहे. तिला बोलू द्या."

अध्यक्षांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"गुरुवारी साहेबांनी मला सांगितलं की माझ्या वडिलांनी माझं नाव सुचवलं. ते खोटं होतं. पाचच का, असं मी विचारलं, तर म्हणाले, गोरे आईबाप पचवू शकतील एवढेच घेतो, पात्रता नंतर. मिस झिल्फा पेटिफर्डना का घेत नाही, तेही सांगितलं. त्या लहान मुलांना मांडीवर घेतात म्हणून. मी हे ऐकलं आणि तरी हो म्हणाले. आता मी हे शपथेवर कुठेही सांगायला तयार आहे. तुम्हाला मी तरीही सेंट्रलला हवी असेन तर मी येईन आणि चांगलं शिकवीन."

ती खाली बसली. मार्व्हाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. काल दुपारनंतर मार्व्हा पहिल्यांदाच तिच्या जवळ आली होती. अलोंझो लिहीत होता. विंडहॅम अध्यक्षांच्या कानाशी वाकले, त्यांची मान लालबुंद झाली होती. आणि अध्यक्ष म्हणाले की सभा तहकूब.

जिना उतरताना लोकांनी वाट करून दिली. काहींनी अर्नेस्टीनचा हात दाबला, काहींनी नजर चुकवली. निवडलेल्या उरलेल्या चौघांपैकी दोघी न बोलता पुढे निघून गेल्या. त्यांचंही बरोबर होतं. त्यांना घरी मुलं होती.

मंगळवारी सकाळी फोन आला. लव्हिनियाने उचलला, ऐकलं आणि म्हणाली, "मिस पेटिफर्ड घरी आहेत. थांबा." पलीकडे विंडहॅमच्या कचेरीतली बाई होती. सेंट्रलची गणिताची जागा भरली गेली आहे, कळवायला सांगितलंय. अर्नेस्टीनने ठीक आहे म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन जरा वेळ खिडकीशी उभी राहिली. त्या नव्या पुस्तकाचं वाईट वाटलं. आपल्याला एवढं वाईट वाटेल असं तिला वाटलं नव्हतं. आईने पाठीवर हात ठेवला.

होरेस नाश्ता करून सेंट्रलच्या आवारात बसचे मार्ग बघायला गेले होते. मुलांना अंधारात मोठ्या रस्त्यावर थांबावं लागू नये, हे त्यांना आधी बघायचं होतं. लव्हिनियाने त्यांचा कोट स्वतः ब्रश करून दिला होता. तिला अजूनही ते पटलं नव्हतं.

नऊच्या सुमारास अलोंझोने गाडी सुरू केली. डरहमला कचेरीत जबान्या लिहून घ्यायच्या होत्या. अर्नेस्टीन पर्स घेऊन बाहेर आली तर झिल्फा आत्या आधीच मागच्या सीटवर बसलेली. चर्चची टोपी, पांढरे हातमोजे. दाव्यात पहिलं नाव तिचं लागणार होतं. अर्नेस्टीन पुढचं दार उघडायला गेली.

"तिथे कुठे?" आत्या आतून म्हणाली.

"पुढे बसते."

"पुढे बसून काय त्याला गाडी शिकवणार आहेस? तुझा भाऊ वळणावर गाडी पाण्यात घातल्यासारखी घालतो. माझ्या शेजारी कोणीतरी पाहिजे धरायला." तिने पर्स उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकली. "ये. आणि तो विंडहॅम म्हणाला ते सगळं मला पुन्हा सांग. त्या दिवशी त्याने तुला कुठे बसवलं, तिथपासून सांग. मला एक शब्दही चुकीचा सांगायचा नाहीये."

अर्नेस्टीन आत बसली आणि दार ओढून घेतलं. गाडी रस्त्याला लागली तेव्हा तिने सांगायला सुरुवात केली.